चिलिपी गावातला माग

सोलापूर सोडताना अक्काने दारातच नागेशला, आमच्या धाकट्या भावाला, सांगितलं, "मी येईपर्यंत मग्गम काढून टाक रे. तुझ्या पोराच्या लग्नाला खोली मोकळी पायजे की." मग्गम म्हणजे आमच्या घरच्या तेलुगूत हातमाग. तो वडिलांनी बसवलेला. खांदा दुखायला लागेपर्यंत अक्का त्यावर चादरी विणायची. नंतर तो नुसता खोली अडवून होता. मी तिची धाकटी बहीण, क्रोएशियाच्या सहलीला सोबत म्हणून तिला ओढून नेत होते. राहू दे म्हणावं, असं मलाही सुचलं नाही.

दुब्रोव्निक पहिल्यांदा दिसलं ते बसमधून. निळंशार पाणी, त्याला लागून तटबंदी आणि आत तांबडी कौलं. आमची गाईड आना त्याच गावची. दुब्रोव्निक पूर्वी एक छोटं स्वतंत्र राज्य होतं आणि ते फौजेपेक्षा व्यापारावर जगलं, हे तिने जुन्या जकातघराच्या चौकात उभं करून सांगितलं. बाहेरून आलेला माल इथे तोलला जायचा. मग तटाबाहेरची लाझारेती (साथीच्या काळात वेगळं ठेवायच्या इमारती) दाखवली. परक्या व्यापाऱ्यांना आणि त्यांच्या लोकरीला, कातड्याला इथे कित्येक दिवस अडकवून ठेवत. अक्काला हे एकदम पटलं. कोरोनात बाजारातली भाजी ती अशीच अंगणात ठेवायची.

तिथेच सावलीत आम्ही कडक भाकरी काढली, तर शेंगाचटणी माझ्या पांढऱ्या स्वेटरभर सांडलेली. आनाने चटणी चाखली, घटाघटा पाणी प्यायली आणि पुन्हा हात पुढे केला.

रविवारी ती आम्हाला जवळच्या चिलिपी गावात घेऊन गेली. चर्चमधली प्रार्थना संपली की समोरच्या चौकात गावकरी पाहुण्यांसाठी नाचतात. पाहुण्यांच्या हातावर आधी सुकी अंजिरं आणि राकिया (घरची दारू) ठेवतात. अक्काने अंजिरं घेतली, पेल्याला नमस्कार केला. तिचं सगळं लक्ष नाचणाऱ्या बायकांच्या छातीवरच्या रेशमी भरतकामाकडे होतं. ते पाहून आना आम्हाला मारेबाईंच्या घरी घेऊन गेली.

मारेबाई अक्काच्याच वयाच्या. पूर्वी इथल्या मुली रेशीमकिड्यांची अंडी पुरचुंडीत बांधून छातीशी ऊब देत, हे त्यांनी हसत हसत सांगितलं. कोपऱ्यात त्यांच्या आजीचा माग होता. जागा खूप खातो, पण येणाऱ्यांना दाखवायला ठेवलाय, म्हणाल्या. अक्का मागाभोवती घुटमळायला लागली, तशा त्यांनी तिला बसवलंच. अक्काचे पाय मागाखालच्या पावड्यांवर गेले, हातात धोटा आला, आणि दुखऱ्या खांद्याची तक्रार न करता ती विणत राहिली. मारेबाईंनी आनामार्फत विचारलं, "यांचा माग कुठे असतो?"

मी ते मराठीत सांगितलं. अक्काचे हात थांबले. "नागेशला फोन लाव," ती म्हणाली.

"अक्का, परवाच सुटा केला की," नागेश तिकडून खुशीत सांगत होता. "बेकरीवाला लाकूड घिऊन गेला, भट्टीला."

अक्का "बरं" म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला. मारेबाई उत्तराची वाट बघत होत्या.

"घरी हाय म्हणून सांग," अक्का म्हणाली.

मी तसंच सांगितलं. मारेबाईंनी आनंदाने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

घरी परतलो तेव्हा खोलीला नवा पिवळा रंग होता. नागेश शाबासकीसाठी दारात उभा होता आणि अक्काने ती दिलीही. त्याच्यावर तिचा राग नव्हता, माग काढायला सांगणारी तीच होती. पण तेव्हापासून ती त्या खोलीत बसत नाही. विमानाने जाऊन आम्ही दुसऱ्याच्या घरचा माग पाहिला आणि आपला भट्टीत घातला, याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात आनाच्या फोनवरून मारेबाईंचा निरोप आला. अक्काचा तिच्या स्वतःच्या मागावर बसून काढलेला फोटो हवाय. येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यांना तो आजीच्या मागाशेजारी लावायचाय. भिंतीवर जागा मोकळी ठेवलीय, असं त्यांनी कळवलंय. मी अजून अक्काला सांगितलेलं नाही.