डबलला गाडी सुटते

गोल झाला होता, त्यात शंकाच नव्हती. चेंडू खाडकन मागच्या फळीवर आपटला आणि डहाणूच्या कुठल्याशा बोटीवरून आणून बांधलेलं जुनं जाळं हललं. हिरव्या जर्सीच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. निळ्या जर्सीच्या मुली मात्र जागच्या जागी उभ्या. काठ्या खाली, तोंडं माझ्याकडे. आणि मी, या अर्ध्या मैदानाची अंपायर, उजवा हात पुढे ताणून, दातात शिट्टी धरून, फाट्यावरच्या बाण काढलेल्या पाटीसारखी उभी.

मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्याचे अंपायर धोडी सर धापा टाकत आले.

"मावशी, शिट्टी का मारलीत?"

"मारली का मी?"

"मारलीत. एक नाही, दोन."

आता हे कसं झालं ते सांगते. मी काही खेळाडूबिळाडू नाही. बावीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते, बहुतेक डहाणू-तलासरी पट्ट्यात. हॉकीची काठी पहिल्यांदा हातात धरली ती रिटायर झाल्यावर, आणि तीही ओट्यावर चढलेल्या कुत्र्याला हाकलायला. काठी धोडी सरांची. सरावली गावात आमच्या शेजारी राहतात, शाळेत खेळ शिकवतात. कुत्रा पळाला, सर हसले, आणि दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाले, "मावशी, मुलींच्या मॅचला बाई अंपायर मिळत नाहीत. तुम्ही या."

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"भरलेल्या गाडीत तुमचा आवाज ऐकलाय मी. अकरा आणि अकरा बावीस मुली. अर्धी गाडीसुद्धा होत नाही."

"आणि नियम?"

"ते शिकवतो. शिट्टी आहे ना तुमच्याकडे?"

शिट्टी होती. सगळा घोटाळा तिथेच होता, पण तेव्हा ते ना त्यांना कळलं ना मला.

दोन महिने दर रविवारी शिकले. नियम वहीत उतरवून काढले, रात्रीच्या भाकऱ्या थापताना पाठ केले. हॉकीत दोन अंपायर असतात, प्रत्येकाने आपापला अर्धा सांभाळायचा. गोलसमोर अर्धगोल आखलेला असतो, त्याला डी म्हणतात. डीच्या आतून मारलेला गोलच धरतात. चेंडू पायाला लागला की फाऊल. आणि अंपायरने चेंडूच्या मागे धावायचं नसतं. हे शेवटचं मला वहीतून नाही, घोट्यावर चेंडू बसल्यावर कळलं. एकदा शॉर्ट कॉर्नरला, म्हणजे गोलजवळच्या दंडाच्या फटक्याला, मुली दाटीवाटीने उभ्या राहिल्या, तेव्हा मी खच्चून ओरडले, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" सर मैदानातच खाली बसले हसत.

सगळ्यात अवघड गेला तो ॲडव्हान्टेज. समजा निळीच्या पायाला चेंडू लागला, म्हणजे फाऊल झाला. पण चेंडू अजून हिरवीकडेच आहे आणि तिला समोर वाट मोकळी आहे. तिथे शिट्टी मारून खेळ थांबवला तर नुकसान हिरवीचंच. मग अंपायरने फक्त हात पुढे ताणायचा. याचा अर्थ, फाऊल मी पाहिला, पण चालू द्या.

"अशा वेळी शिट्टी गिळायची, मावशी," सर म्हणायचे. "चालू खेळात शिट्टी म्हणजे थांबा. एवढंच. शिट्टीला दुसरा अर्थ नाही."

मी मान डोलवायचे. डोक्याला पटलं होतं. बावीस वर्षांच्या सवयीला कोण पटवणार? एस.टी.त एक घंटी म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. डेपोत गाडी मागे घेताना कंडक्टरने खाली उतरून शिट्टीने तेच सांगायचं, आणि गर्दीत घंटीच्या दोरीला हात पोचला नाही तर गाडीतही. एक लांब, थांब. दोन आखूड, येऊ दे. मी झोपेत असले तरी ते चुकलं नसतं.

तर त्या दिवशी तलासरीत मुलींची मॅच होती. जिंकेल ती टीम जिल्ह्याला जाणार. हिरव्या टीमच्या मुली आसपासच्या पाड्यांवरच्या, रोज एस.टी.ने शाळेत येणाऱ्या. त्यांची कॅप्टन जयवंती माझ्याच गाडीत लहानाची मोठी झालेली. दारात पायरीवर लटकायची तिला भारी हौस, आणि रोज माझ्या शिव्या खायची. निळी टीम डहाणूच्या किनाऱ्याकडची. त्यांच्या तांडेल मॅडमनी पोरींना एक गोष्ट पक्की शिकवली होती. शिट्टी ऐकली की खांबासारखं उभं राहायचं.

माझीही परीक्षा होतीच. सकाळी सर म्हणाले होते, "आज नीट पार पडलं तर जिल्ह्याच्या मॅचेसना तुमचं नाव देतो."

पार पडतही होतं. शेवटची तीन मिनिटं राहिली, गोल शून्य-शून्य. डीच्या जरा बाहेर चेंडू एका निळीच्या पायाला लागून उडाला आणि जयवंतीच्या काठीवर आला. समोर एकटी गोलकीपर. मी सगळं बरोबर पाहिलं. मनात म्हटलं, ॲडव्हान्टेज, जाऊ दे. हात ताणला. आणि 'जाऊ दे' म्हणायची माझी जी रीत होती, तशी शिट्टी वाजली. दोन आखूड.

निळ्या मुली खांब झाल्या. जयवंती सुटली.

तांडेल मॅडम तोवर रेषेपर्यंत आल्या होत्या. "ओ अंपायर! शिट्टी झाल्यावर गोल कसला? माझ्या मुली थांबल्या ना!"

"बाई, डबल होती!" जयवंती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "डबलला गाडी सुटते ना? तुम्हीच सांगायचात, डबल झाली की पायरीवर राहायचं नाही, सरळ आत यायचं. आले मी आत!"

मागून हिरव्या मुलींचा कोरस. "डबलच होती, बाई!"

काठावर बसलेल्या मासळीवाल्यांपैकी एकीने मला आत्ता ओळखलं. "अगो, ही तर आपली कंडक्टरीण! हिने माझी पाटी कधी गाडीत चढू दिली नाय, ही गोल काय चढू देते!"

सगळं मैदान हसलं. मी सरांकडे पाहिलं.

"तुमचा अर्धा, तुमचा निर्णय," सर म्हणाले, आणि बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी बांधलेलीच होती.

खरं सांगते, एक वाट दिसत होती. काठावर बघ्यांमध्ये दोन-चार शिट्ट्या होत्याच. 'ती शिट्टी माझी नव्हे' म्हटलं असतं तर गोल राहिला असता, जयवंती जिल्ह्याला गेली असती आणि मीही. पण ती शिट्टी कुणाची ते त्या पोरीला माझ्याइतकंच ठाऊक होतं. बसमध्ये तिने ती हजारदा ऐकली होती.

"गोल नाही," मी म्हटलं. "शिट्टी झाली तिथे खेळ थांबला. चूक माझी आहे. फाऊल निळ्यांचा, हिरव्यांना फ्री हिट."

"पण बाई, डबल..."

"डबल एस.टी.त, जयवंती. इथे डबल नसते."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही भर उन्हात मी तिला मधल्याच स्टॉपवर उतरवलं होतं. मग वळून जागेवर गेली. फ्री हिट घेतला, तो निळ्यांनी अडवला. वेळ संपली. मग शूटआऊट, म्हणजे एकेक मुलगी एकटी चेंडू घेऊन गोलकीपरवर जाते, आठ सेकंदांत गोल करायचा. हिरव्या एका गोलने हरल्या. जयवंतीने स्वतःचा मात्र मारला. सुरुवातीची शिट्टी मीच दिली होती. एकच.

सरांनी माझ्या वहीत शेरा लिहून दिला. 'निर्णय बरोबर. शिट्टी पहिल्यापासून शिकणे.' जिल्ह्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही विचारलं नाही. आता रोज सकाळी अंगणात एकच शिट्टी मारायचा सराव करते. शेजारचे म्हणतात, कुत्र्यासाठी हॉकीची काठीच बरी होती.

परतीच्या गाडीत हिरवी टीम माझ्याच बरोबर. नव्या कंडक्टरने घंटीची दोरी दोनदा ओढली, तेव्हा अकरा माना माझ्याकडे वळल्या. मी खिडकीबाहेर चिकूच्या वाड्या बघत बसले, जसं काही पहिल्यांदाच बघत होते.

आपल्या पाड्याच्या फाट्यावर जयवंती उतरली. चालायला लागली, मग परत वळून माझ्या खिडकीखाली आली. मला वाटलं, आता बोलणार. तिने माझ्याकडे बघत गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.

ड्रायव्हरने गाडी सोडली. त्याच्या नियमाने ते बरोबरच होतं.