एक गोळी, एक इचार

बोलता बोलता हवालदारांचा उजवा हात हवेत उठायचा. वर, मागं, पुढं, खाली. समोर रायफलीचा बोल्ट नसला तरी हात तो ओढायचाच. मग म्हणायचे, "एक गोळी, एक इचार."

फौजेतून निवृत्त होऊन ते आमच्या अमरावतीच्या कॉलेजात पोरांना एन.सी.सी.ची कवायत शिकवत. मी तिथंच कारकून, घरंही लागून. जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल म्हणजे त्यांचा जीव. दर गोळीला बोल्ट हातानं ओढायचा, तेवढ्यात माणूस विचार करतो, हे त्यांचं म्हणणं. रायफल जड आहे अशी कुणी कुरकुर केली की सांगत, जड आहे म्हणूनच धक्का कमी बसतो, हलकी घेशील तर खांदा सुजवून बसशील.

एकदा मी डिवचलं. म्हटलं, परदेशात आता रायफल आपली आपणच गोळी भरते, घोडा तेवढा दाबायचा. भडकलेच.

"अन् त्या गोळ्या पाठीवर कोन वाहीन, भाऊ? तुमी?"

आत चिखल गेला की असल्या नाजूक यंत्राचं नुसतं दांडकं होतं, हेही ऐकवलं. खोटं नव्हतं त्यात काही. त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेत होता. सुट्टीवर आला की अंगणात त्याच्याकडूनही हेच घोकून घेत.

मग चीनची लढाई झाली. मुलगा जिवंत आहे असं कळलं तेव्हा हवालदारांनी आळीभर पेढे वाटले. त्याला आणायला बडनेरा स्टेशनवर मी सोबत गेलो. पोरगा उतरला, बापाच्या पाया पडायला वाकला, आणि आमचं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. उजव्या हाताला अंगठा तेवढा उरला होता. बाकीची बोटं बर्फानं खाल्ली होती.

 पोरगाच हळू म्हणाला, "इचार गंज होते, बाबा, ढीगभर. पयली गोळी झाडली. मंग बोल्ट ओढाले बोटंच हालेनात."

आवाजात तक्रार नव्हती.  

नोकरी सोडून हवालदार मुलाला घेऊन नांदगाव खंडेश्वरकडं शेतीवर गेले. जायच्या सकाळी मी निरोप घ्यायला गेलो, तर अंगणात मुलाच्या सदऱ्याची बटणं लावत होते. वरचं लावून झालं आणि सवयीनं त्यांचा उजवा हात हवेत उठला. मुलानं पाहिलं. हवालदारांनी तो हात तसाच मुलाच्या छातीवर टेकवला, आणि खालचं बटण शोधू लागले.