विहीणबाईंचा गुडघा

हे सगळं मराठीतच लिहायचं असं तुमच्या तिकडच्या आजीने मला बजावलं आहे. "इंग्रजीत लिहिलंत तर मुलं भराभर वाचून मोकळी होतील. मराठीत लिहा, म्हणजे माझ्याशेजारी बसून वाचावं लागेल." माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं आणि नोकरीतला पत्रव्यवहारही सगळा इंग्रजीतला, त्यामुळे माझ्या मराठीत चुका सापडतील. तिला दाखवा. ती आनंदाने लाल पेन काढेल.

तर, आजीचा उजवा गुडघा.

तिच्या घराचा जिना चौदा पायऱ्यांचा आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. बाथरूम वर, तिची झोपायची खोली वर, आणि शनिवारी तुम्ही दोघं झोपता ती छोटी खोलीही वर. गेल्या वर्षी तुम्ही मला फोनवर हसत सांगितलं होतंत की आजी जिना बसून चढते, पाठमोरी, एकेक पायरी, आणि तुम्हीही तिच्याबरोबर तसेच चढलात. तुम्हाला तो खेळ वाटला. खरं म्हणजे गुडघा इतका झिजला होता की उभ्याने चढणं तिला जमत नव्हतं. तुमच्या बाबाने तिच्यासाठी तळमजल्यावरची घरं बघायला सुरुवातही केली होती आणि त्यातलं एक त्याला पसंतही पडलं होतं. म्हणजे हे घर विकायचं, मागचं सफरचंदाचं झाड सोडायचं, आणि एका खोलीच्या जागेत जायचं. "तिथे मुलांना शनिवारी झोपवू कुठे? माझ्या डोक्यावर?" असं आजी मला फोनवर म्हणाली.

तिकडे ऑपरेशनसाठी तिचा नंबर लावलेला होता. "एक पत्र आलं, तुमचं नाव यादीत आहे. काही महिन्यांनी दुसरं आलं, तुमचं नाव अजूनही यादीत आहे." तिसऱ्या पत्राची वाट न बघता तिने मुंबईला यायचं ठरवलं. अंधेरीच्या एका हॉस्पिटलमध्ये गुडघा बदलून घ्यायचा, आमच्याकडे पार्ल्याला राहायचं आणि दहा आठवड्यांनी परत जायचं.

ती तुमच्या आईची आई आणि मी बाबाची आई, म्हणजे आम्ही एकमेकींच्या विहिणी. हे नातं तुम्हाला नीट कळणार नाही म्हणून सांगते. विहीण म्हणजे जिच्याशी जन्मभर थोडं जपून बोलायचं अशी बाई. आणि मुलाच्या आईचा मान मोठा, अशी आपल्याकडची जुनी समजूत. तुमच्या आईबाबांच्या लग्नात, इथेच पार्ल्याच्या हॉलमध्ये, तिने खाली बसून कोमट पाण्याने माझे पाय धुतले होते. मला ते जुनाट वाटत होतं, मी "नको हो, नको हो" म्हणत होते, पण तिने ऐकलं नाही. तेव्हा तिचे गुडघे इतके छान होते की पाय धुऊन, पुसून, ती हात न टेकता उठून उभी राहिली. ते माझ्या चांगलं लक्षात होतं. ती येणार म्हटल्यावर मी मनाशी ठरवलं, आता माझी पाळी. हिला माझ्या घरात पाण्याचा पेलाही उचलू द्यायचा नाही.

आमची पहिली करमणूक हॉस्पिटलमध्येच झाली. आजीचा पासपोर्ट तिकडचा, त्यामुळे तिची रवानगी परदेशी पेशंटच्या खिडकीवर झाली. तिथल्या मुलीने तिच्या गळ्यात हार घातला, हातात मुंबईतल्या प्रेक्षणीय स्थळांचा नकाशा दिला आणि सावकाश इंग्रजीत विचारलं, दुभाषी हवा आहे का? आजी म्हणाली, "अगं, मी पार्ल्यात वाढले. दुभाषी तुझ्यासाठी हवा असेल तर माग." हार मात्र तिने वॉर्डपर्यंत गळ्यात ठेवला.

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी तिला वॉकर देऊन उभं केलं आणि पाचव्या दिवशी ती घरी आली. मी तयारीत होते. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. एक निळी फाइल केली होती, तिच्यात औषधांचा तक्ता, जेवणाचा तक्ता आणि व्यायामाचा तक्ता. व्यायाम दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी एक चौकोन, केला की बरोबरची खूण. दिवसाआड फिजिओथेरपिस्ट यायची. ती मढची, कोळ्यांच्या घरातली मुलगी. सकाळी होडीने वर्सोव्याला उतरायची आणि तिथून स्कूटरने आमच्याकडे. तिच्या हातात जोर होता आणि तोंडातही. ती यायची त्या दिवशी आजीचा गुडघा थोडा वाकायचा. मधल्या दिवसांची जबाबदारी आमच्या दोघींची होती.

ती आम्ही कशी पार पाडली ते आता सांगते.

सकाळचा चहा मी पलंगावर नेऊन द्यायचे. नाश्ता पलंगावर, जेवणही पलंगापाशी टेबल सरकवून. तिने पाय खाली सोडला की मी धावत जाऊन स्टूल द्यायचे. गुडघ्याखाली मऊ उशी. ती उठू लागली की "बसा हो, विहीणबाई, मी आहे ना!" व्यायामाची वेळ झाली की मी आजोबांना पेपर घेऊन बाल्कनीत पिटाळायचे, आजीच्या खोलीचं दार ओढून घ्यायचे आणि स्वतः स्वयंपाकघरात जायचे. कारण विहीण साडी गुडघ्यापर्यंत घेऊन विव्हळते आहे आणि आपण समोर उभं राहून बघतो आहोत, हे बरं दिसत नाही. हो, साडीच. तिकडे ती पँट घालून बागेत खणत असते, पण विहिणीच्या घरी राहायचं म्हणून बॅगेत आठ साड्या घेऊन आली होती. वीस मिनिटांनी मी दारावर टकटक करून विचारायचे, "झालं का हो?" आतून आवाज यायचा, "झालं हो, छान झालं." मी चौकोनात बरोबरची खूण करायचे.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी फाइल पुढे केली. एकही चौकोन रिकामा नव्हता. डॉक्टरांनी कौतुकाने पानं उलटली, मग गुडघा वाकवून कोन मोजला. सत्तर अंश. त्यांचा चेहरा बदलला.

"एव्हाना नव्वदच्या पुढे हवा होता," ते म्हणाले. "पंधरा दिवस बघू. नाही वाकला तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल, आणि परत जायचं लांबेल."

"सत्तरमध्ये जिना चढता येईल?" आजीने विचारलं.

"नीट नाही येणार."

घरी आल्यावर तिने तुमच्या आईला फोन लावला आणि "सगळं छान आहे" असं सांगितलं. मग मला म्हणाली, "त्या तळमजल्याच्या घराला जावईबापूंनी अजून नाही म्हणून कळवलेलं नाही, बरं का."

दुसऱ्या दिवशी मढची मुलगी आली. मी तिलाही तक्ता दाखवला. एरवी ती यायच्या आधी मी उशी-स्टूल आवरून ठेवायचे, त्या दिवशी विसरले. तिने तक्ता बघितला, उशी बघितली, स्टूल बघितलं, टेबलावरचा झाकलेला शिरा बघितला आणि कमरेवर हात ठेवले.

"काकू, तुम्ही यांचे लाड करताय की वाट लावताय?"

"अगं, त्या माझ्या विहीणबाई आहेत."

"मग? गुडघ्याला माहितीय का ते?" उशी काढून तिने कोपऱ्यात भिरकावली. मग आजीकडे वळली. "आणि तुम्ही काकू, खरं सांगा. मी नसताना किती वेळा वाकवता?"

आजीने माझ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे. "दुखतं गं. दोनतीनदा करते. मग बसून राहते."

"आणि त्या टकटक करतात तेव्हा?"

"आता विहिणीच्या घरी राहून रोज दुखतंय दुखतंय काय सांगायचं? त्या एवढं करतात माझं. त्यांना वाईट वाटलं असतं."

माझी निळी फाइल माझ्या हातातच होती. एकवीस दिवसांचे त्रेसष्ट चौकोन आणि सगळ्यांत बरोबरची खूण. नोकरीत माझ्या हाताखालच्या कोणी असा कागद आणला असता तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. इथे तो मीच तयार केला होता, दार ओढून घेऊन.

"माझी आय दिवसभर बाजारात मासे विकते," ती मुलगी म्हणाली. "तिला कोण बसल्या जागी चहा नाय देत, म्हणून तिचे गुडघे चालतात. हे विहीण-बिहीण पंधरा दिवस कपाटात ठेवा ना. शंभर झाला की मी स्वतः ताजे बोंबील घेऊन येते."

बोंबील म्हटल्यावर आजीच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बघितला.

ती गेल्यावर मी आजीसमोर खुर्ची ओढून बसले. जे बोलायचं होतं ते मला सासूलाही कधी बोलता आलं नव्हतं. "विहीणबाई," मी म्हटलं, "उद्यापासून सकाळचा चहा तुम्ही करायचा. माझाही. आणि आणून द्यायचा."

मला वाटलं, झालं, आता हे तुमच्या आईपर्यंत जाणार. मग ती म्हणाली, "बरं झालं तुम्हीच म्हणालात. तुमचा चहा फार पाणचट असतो हो."

"तीन आठवडे प्यायलात की!"

"मग काय करणार? विहिणीचा चहा."

"आणि तुम्ही तीन आठवडे मला खोट्या खुणा करायला लावल्यात!"

"तुम्ही दार कशाला ओढून घेत होतात? उघडं ठेवलं असतंत तर लाजेखातर तरी केला असता व्यायाम!"

बाल्कनीतून आजोबांनी डोकावून विचारलं, "भांडण आहे का?" आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "तुम्ही पेपर वाचा."

दुसऱ्या दिवसापासून दार उघडं. साड्या बॅगेत गेल्या आणि आजी माझे दोन जुने गाऊन घालून फिरू लागली. चहा तिचा, म्हणजे इतका गोड की माझे दात शिवशिवायचे, पण मी पीत होते. कुकर तीच लावायची, पाण्याची बाटली तीच भरायची. व्यायामाला मी समोर बसायचे. ती विव्हळली की मी आकडे मोठ्याने मोजायचे. तिने मला त्या पंधरा दिवसांत जी नावं ठेवली ती इथे लिहीत नाही. तक्त्यात आता खुणा बंद, कोन लिहायचा. त्यासाठी मी माळ्यावरून तुमच्या बाबाची शाळेतली कंपासपेटी काढली. आतल्या कोनमापकाचा एक कोपरा तुटलेला आहे, दातांच्या खुणा तुमच्या बाबाच्या आहेत. मढची मुलगी आधी हसली, पण तिच्या मापात आणि माझ्यात दोनतीन अंशांचाच फरक निघाला.

शहात्तर. एक्क्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशीवर चार दिवस गाडी अडली आणि चौथ्या दिवशी आजी रडली. मी तिला रुमाल आणून दिला नाही. "तिकडे ड्रॉवरमध्ये आहे," म्हटलं. ती उठून गेली, रुमाल घेतला, नाक पुसलं आणि म्हणाली, "दुष्ट बाई." पाचव्या दिवशी त्र्याण्णव भरला. पंधराव्या दिवशी डॉक्टरांच्या मापाने एकशे दोन. त्यांनी फाइल मागितली नाही आणि मीही ती पर्समधून काढली नाही. बोंबील दुसऱ्याच दिवशी आले. ते आजीने ओट्याशी उभं राहून स्वतः तळले आणि सहा एकटीने खाल्ले.

मग जिना. मी आमच्या मजल्यापासून खाली चौदा पायऱ्या मोजल्या आणि जिथून सुरुवात करायची तिथे खडूने रेघ मारली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना नवा गुडघा आधी, एक हात कठड्यावर. मी एक पायरी मागे. जाणारायेणारा प्रत्येक जण थांबून सांगायचा, "अहो, लिफ्ट चालू आहे!" दुसऱ्या मजल्यावरच्या बाई तर आमच्यासाठी लिफ्टचं दार धरून उभ्या राहायच्या. दोन दिवस आजीने "हो का?" असं गोड उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी दहाव्या पायरीवरून ओरडली, "आहे हो चालू, पण माझ्या घरी नाही ना!" त्यानंतर त्या बाईही लिफ्ट सोडून कठड्याशी उभ्या राहून मोजू लागल्या.

विमानतळावर आजीने माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमचा डावा गुडघाही कुरकुरतो. मी रोज ऐकायचे. आता चहा स्वतः उठून करत जा, बसल्या जागी मागू नका." मी म्हटलं, "कमी साखर घालून."

ती पोचल्यावर दुसऱ्या दिवशी तुमच्या बाबाने त्या तळमजल्याच्या घराला नाही म्हणून कळवलं. त्याच संध्याकाळी तिने मला एक फोटो पाठवला. चौदाव्या पायरीवर उभं राहून खाली बघत काढलेला. फोटोत जिना आहे, कठडा आहे, आणि तळाशी, अगदी पहिल्या पायरीवर, तुमच्या दोघांचे चार बूट चार दिशांना पडलेले आहेत.

ते बूट आजपासून दाराजवळ, भिंतीला लावून ठेवायचे. आजी त्या जिन्याने आता रोज खाली उतरते.