शिडाची शिवण

टेपवालीच्या नवऱ्याला भीती कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. गेली एकतीस वर्षं त्याच्या वाटची भीतीही तीच एकटी भीत आली होती.

नवरा सुतार. छपराच्या वाशांवरून तो अंगणात फिरावं तसा फिरायचा. करवतीनं करंगळीचं टोक नेलं तेव्हा उरलेल्या बोटांकडे बघून म्हणाला, "नऊ शाबूत आहेत की!" मोजमापाचा त्याला भारी कंटाळा. फळी डोळ्यासमोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि कापायची. गल्लीनं त्याचं नाव 'अंदाजे' ठेवलं होतं. डॉक्टरांच्या घरी एक कपाट आहे, त्याचं दार पलंग सरकवल्याशिवाय उघडत नाही. ती ह्याचीच करामत.

ती शिलाईकाम करायची. गळ्यात सदान्कदा टेप, म्हणून टेपवाली; दोनदा मोजल्याशिवाय कापडाला कात्री लागायची नाही. अशी दोन माणसं एका छपराखाली इतकी वर्षं नांदली, हे नवलच म्हणायचं.

त्यांची मुलगी समुद्रापलीकडच्या देशात नर्स होती. तिला मुलगा झाला तसा हा फोनवर म्हणाला, "येतो मी नातवाला बघायला." मायलेकींना वाटलं, विमानानं. पण विमानानं काय, कोणीही जातं! ह्यानं आपल्या सुतारकामाच्या शेडमध्ये होडी बांधायला घेतली. अठरा फुटांची, प्लायवूडची. दोन वर्षं तो तिच्यात गुंतला होता, आणि होडीतून महासागर पार करायचा हे कमी होतं म्हणून की काय, त्यानं जाहीर केलं की होकायंत्र नाही, नकाशाची यंत्रं नाहीत, काही नाही. "पूर्वीची माणसं जायचीच ना? दिवसा सूर्य, रात्री तारे, आणि ढग आले की लाटांवरून अंदाज."

अंदाज हा शब्द ऐकला आणि तिला डॉक्टरांचं कपाट आठवलं.

तिनं सगळं करून पाहिलं. रडली, अबोला धरला. मुलीला फोन करायला लावला. "बाबा, मला वडील हवेत, पेपरातली बातमी नको," मुलगी म्हणाली, तर हा हसला. त्या हसण्याचीच तिला खरी धास्ती होती. समुद्र वाईट आहे हे तिला माहीत होतं, पण जो घाबरत नाही तो मारलेली गाठ पुन्हा बघत नाही, आणि समुद्राला तेवढी एक गाठ पुरते. कपडे शिवता शिवता तिला मध्येच उलटी पडलेली होडी दिसायची. मग मशीन थांबवून ती पाणी प्यायची.

शेवटी शीड शिवायचं काम तिच्याकडे आलं. त्यानं जाड नायलॉनच्या दोऱ्याची रिळं आणून दिली. ती तिनं खणात टाकली आणि तळातून जुना सुती दोरा काढला. रंग तसाच पांढरा, पण ओढला की तुटायचा. तिचा हिशेब सरळ होता. चाचणीच्या दिवशी खाडीच्या तोंडाशी वारा असतो. तिथं शिवण उसवेल. मागून बंदरावरचा म्हातारा नावाडी मोटरबोटीतून येणारच होता, तो ह्याला ओढत परत आणेल. चार लोक हसतील आणि विषय संपेल. आयुष्यात कच्ची शिवण न घातलेली बाई ती. आठ दिवस मुद्दाम वाईट काम करत राहिली.

आणि नेमका चाचणीच्या दिवशी वारा पडला. शीड कसंबसं फुगलं, होडी डुलत डुलत गेली आणि डुलत डुलत परत आली. हा गाणं गुणगुणत घरी आला. "काय शिवलंयस! एक टाका हलला नाही. परवा निघतो."

आता गप्प बसावं, तर शीड जिथं मागे कोणी नावाडी नाही तिथं फाटणार. सांगावं, तर आपल्याच हातानं पक्कं शिवून नवऱ्याला वाटेला लावायचं. त्या दिवशी तिनं गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही उलटी जोडली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

निघण्याच्या आदल्या दुपारी तो शेडमध्ये पाण्याचे कॅन भरत होता. ती दारात जाऊन उभी राहिली.

"अहो, ते शीड नेऊ नका."

"का गं? आता काय नवीन?"

"फाटेल ते. फाटावं म्हणूनच शिवलंय मी."

त्याला वाटलं, थट्टा. तिनं घडी घालून ठेवलेलं शीड उलगडलं, शिवणीच्या दोन्ही बाजू धरल्या आणि खेचल्या. हातभर शिवण टरटर उसवली.

आता हा ओरडेल म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. तो ओरडला नाही. कॅनवर खाली बसला. उसवलेल्या कापडात त्यानं हात घातला, तो पलीकडून निघाला, आणि तो त्या हाताकडे बघतच राहिला. तोंडावरचा रंग उतरला होता.

"मी हे बघितलंच नाही गं," तो म्हणाला. "आठ दिवस शीड माझ्यासमोर होतं. हात लावून बघितलं नाही." मग होडीकडे बघून, "आणखी काय काय बघितलं नसेल मी?"

एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला घाबरलेलं पाहिलं. तिला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटलं.

"मग नाही ना जात?" तिनं विचारलं.

"जातो. पण उद्या नाही." त्यानं हात पुढे केला. "तुझी टेप दे."

पुढचे वीस दिवस त्यानं ती होडी इंचाइंचानं तपासली. सुकाणूच्या खिळीला तडा निघाला. दोन कॅन गळके निघाले. एका सांध्यात सुरी आरपार गेली, तेव्हा तो तसाच जमिनीवर बसला. तिनं नायलॉननं तिहेरी शिवण घातली. तो समोरून कापड धरायचा आणि टाका पक्का बसला का म्हणून ते इतक्यांदा ओढून बघायचा की ओळ नागमोडी जायची. पुन्हा उसवा, पुन्हा शिवा. होकायंत्र मात्र त्यानं घेतलंच नाही, खोड कुठली जायला. "ते घेतलं तर त्याच्याच तोंडाकडे बघत बसेन," म्हणाला. पण रोज संध्याकाळी नावाड्याकडे जाऊन तो शाळकरी पोरासारखा तारे पाठ करू लागला, आणि चुकला तर पुन्हा विचारू लागला. रात्री झोपेत दचकायचा. ती जागीच असायची.

निघायच्या दिवशी सकाळी धक्क्यावर अख्खी गल्ली आली होती. कोणीतरी ओरडलं, "अंदाजे, अंदाजानं परत या!" लोक हसले. तो हसला नाही. दोरी सोडली, शिडात वारा भरला, आणि तिची शिवण अशी काही तटतटून उभी राहिली की होडी बघता बघता दूर गेली. एवढं चांगलं काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि कधी झालं नसतं तर बरं, असं तिला वाटलं.

होडी खाडीच्या तोंडाशी पोहोचली तेव्हा तो मागे वळला. दोन्ही हात तोंडाशी नेऊन, सगळ्या गल्लीदेखत, तो ओरडला, "अगं, मला भीती वाटतेय!"

लोकांनी माना खाली घातल्या. ती गर्दी सारत धक्क्याच्या टोकाशी गेली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "वाटू द्या! पोहोचेपर्यंत वाटू द्या!"

त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. पण त्यानं खाली वाकून कमरेला होडीशी बांधून ठेवणारी दोरी एकदा ओढून पाहिली, आणि मग आणखी एकदा.