नामदेव फिटरचा कडीचा चाकू

नामदेवला स्वतःचा चाकू आपल्या मुलाच्या, विशालच्या मोबाइलवर दिसला, आणि तोही एका पोराच्या जिभेवर. रस्त्याच्या मधोमध मोटरसायकलच्या सीटवर केक ठेवलेला, भोवती टोळभैरवांचा घोळका, कान किटवणारं गाणं. ज्याचा वाढदिवस होता त्याने कडीत बोट अडकवून चाकू गरगर फिरवला, केकमध्ये खुपसला, मग क्रीमने माखलेलं पातं सावकाश चाटलं आणि कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला. नामदेवचं नुकतंच जेवण झालं होतं. तोंडातली बडीशेप त्याने थुंकून टाकली.

चाकूला काळा रंग फासला होता आणि मुठीवर दोरी गुंडाळली होती, तरी त्याने तो ओळखला. कडी मुठीला जिथे जोडलेली असते तिथली वेल्डिंगची रेघ त्याच्या हातची होती. आपल्या पोराला गर्दीत पाठमोरं बघूनही बाप ओळखतोच की.

तसा नामदेव नाक मुरडणाराच माणूस. मूळचा जळगावकडचा. तरुणपणी कागदाच्या मिलमध्ये फिटर म्हणून लागला आणि निवृत्त होईपर्यंत कॅन्टीनच्या कपाला त्याने ओठ लावला नाही. घरचा पेला पिशवीत घालून न्यायचा. पाहुण्यांकडे पाणी पिण्याआधी तो पेला उजेडात धरून बघे, आणि रुख्मिणी, त्याची बायको, शरमेने मान खाली घाले. "देवानं या माणसाला नाकच जरा जास्त दिलं," असं ती म्हणायची. निवृत्तीनंतर बुऱ्हाणपुरात इतवाऱ्यातल्या घरामागे त्याने पत्र्याची शेड टाकली, ग्राइंडर आणि वेल्डिंगचं मशीन घेतलं. शेडची जमीन मात्र दिवसातून दोनदा झाडलेली असे. लोहाराच्या शेडमध्ये चपला काढून जावं लागतं हे लोकांनी त्याच्याकडेच पहिल्यांदा पाहिलं.

कडीचा चाकू जन्माला आला तोही या किळसेपोटीच.

त्याची धाकटी बहीण सोजरबाई निंबोल्याला दिलेली. केळीच्या फण्या काढण्यात तिचा हात धरणारी बाई आसपासच्या गावांत नव्हती. पुरुषांनी कोयत्याने घड उतरवून आणायचे आणि बायांनी टबाशी बसून छोट्या चाकूने घडाच्या दांड्यावरून एकेक फणी अलग करायची, अशी तिथली रीत. फणी तुरटीच्या पाण्यात पडली पाहिजे, तिला ओरखडा नको, कापलेली जागा गुळगुळीत हवी. सोजरबाईच्या फण्या व्यापारी उलटूनही बघत नसत. नवरा गेल्यावर सासरच्यांपुढे तिने हात पसरला नाही तो याच हाताच्या जोरावर, आणि हे ती कुणालाही ऐकवायला कमी करत नसे.

एकदा ती भावाकडे चाकूला धार लावायला आली. लोखंडी चाकू. केळीच्या चिकाने काळा पडलेला, त्यावर गंजाचे पापुद्रे, मुठीच्या चिंधीत कुजक्या सालीचा लगदा. नामदेवने तो दोन बोटांनी उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"हे घेऊन लोकांच्या खाण्याला हात लावता तुम्ही?" तो म्हणाला.

"गंजाचं जाऊ दे, दादा," सोजरबाई म्हणाली. "चिकानं हात बुळबुळीत होते, मंग चाकू सुटते नी टबात पडते. पानी दुधासारखं गढूळ. कोनाचा तरी हात फणी उचलाले आत जाते. मागच्या हप्त्यात धुरपदाबाईचा तळवा फाटला."

नामदेवने भंगारवाल्याकडून स्टेनलेसची पट्टी आणली. बोटाएवढं, जरासं आत वाकलेलं पातं केलं. मिटणारा चाकू नव्हे, पातं आणि मूठ एकाच पट्टीची, म्हणजे फटीत घाण साठायला जागाच नको. आणि मुठीला एक कडी जोडली. तर्जनी कडीत गेली की मूठ उघडा, हात झटका, पाण्यात बुडवा, चाकू काही सुटत नाही. चीक लागला तरी फडक्याने पुसला की पातं लख्ख. सोजरबाईने पहिल्या दिवशी काम केलं आणि संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणाली, "दादा, आज टबात कोनी घाबरत हात नही घातला." त्या रात्री नामदेव पोटभर जेवला.

मग गावातल्या साऱ्या बायांना तसलाच चाकू हवा झाला. प्रत्येकीच्या बोटाच्या मापाची कडी तो करून देई. मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या विशालने मध्येच एकदा सांगितलं की रावेरकडच्या केळी-मजुरांच्या टोळ्यांचीही मागणी आहे, कड्या मात्र मोठ्या हव्यात, तिकडे पुरुषच फण्या काढतात. आता या भागात उभा जन्म काढलेल्या माणसाला पुरुष टबाशी बसलेला कधी दिसला होता का? पण आपला चाकू रावेरपर्यंत गेला या कौतुकाने नामदेव असा फुगला होता की त्याने मोठ्या कड्यांचे चाकू लख्ख घासून दिले. पुन्हा पुन्हा दिले. त्यातलाच एक आता तो पोरगा चाटत होता.

"रावेरचे ना रे हे?" त्याने विशालला विचारलं.

विशाल आधी गडबडला, मग उलट त्यालाच समजावू लागला. "पप्पा, लोग मांगताय. सेल्फ डिफेन्ससाठी घेतात. आपण नही दिया तो दूसरा कोई देगा."

"चाटत होता तो."

"तो क्या हुआ? स्टेनलेस आहे, गंज थोडी लागणार."

नामदेवच्या डोक्यात तिडीक गेली. आपण पोटच्या पोराला शिकवलं काय आणि हा शिकला काय, या विचाराने त्याला वीट आला. त्याने विशालला शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. पण गेलेले चाकू गेलेच होते.

पंधरवड्याने जैनाबादला एका वरातीत नाचण्यावरून दोन पोरांची जुंपली आणि एकाचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडा झाला. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यातला एक पोलीस नामदेवच्या दारात आला. भला माणूस होता, चप्पल बाहेर काढून आत आला. त्याने प्लास्टिकची पिशवी पुढे धरली. "काका, असे चाकू तुम्हीच करता म्हणे. हा तुमचा का?"

नामदेवने पाहिलं. पातं पुसलेलं होतं. पण कडीच्या आतल्या बाजूला वाळलेलं काळपट काहीतरी चिकटलेलं होतं आणि त्यात एक केस.

"माझाच," तो म्हणाला. "केळीचा आहे तो." एवढं बोलून तो मोरीकडे धावला. पोलिसाने तेवढं लिहून घेतलं आणि जाताना रुख्मिणीला त्यांना लिंबूपाणी द्यायला सांगितलं.

त्या दिवसापासून नामदेवला कडी नजरेसमोर नको झाली. शेडमध्ये खिळ्यावर टांगलेल्या कड्या बघितल्या की त्याला तो केस आठवे, ती जीभ आठवे. त्याने शेडमधल्या सगळ्या तयार चाकूंच्या कड्या ग्राइंडरने उडवल्या. रविवारी निंबोल्याच्या बाया बाजाराला आल्या आणि नेहमीप्रमाणे चाकू धार लावायला ओट्यावर ठेवून गेल्या. नामदेवने धार लावली, आणि त्यांच्याही कड्या कापून टाकल्या. रुख्मिणी दारात उभी होती. "त्यांना विचारायचं तरी," ती म्हणाली. ग्राइंडरच्या आवाजात त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं.

बाया परत आल्या. मालूबाईने आपला चाकू उचलला, उलटापालटा केला. "भाऊ, कडी?"

"कडीबिडी बंद. गुंडांचं लक्षण झालंय ते."

सोजरबाई पुढे आली. "दादा, आमचं काम हाय त्याच्यावर."

"तुला काय कळतं? उद्या कोणी रस्त्यात पकडलं म्हणजे? माझ्या नावाने बोंब होईल."

पकडण्याचं निमित्त त्याने त्या क्षणी शोधून काढलं होतं. खरी गोष्ट एवढीच होती की त्याला कडी बघून मळमळत होतं, आणि त्यावरचा उपाय त्याने दुसऱ्यांच्या हातांवर केला होता. थोरल्या भावाला उलटून बोलायची सोजरबाईची सवय नव्हती. बिनकडीचा चाकू पिशवीत टाकून ती बायांबरोबर पिकअपमध्ये बसली.

पुढच्या आठवड्यात मालूबाईचा फोन आला. रडताना तिला धड बोलता येत नव्हतं. तिच्या हातून चाकू निसटून टबात पडला होता. ती ओरडेपर्यंत सोजरबाईचा उजवा हात फणी काढायला पाण्यात गेला होता.

नामदेव निंबोल्याला पोचला तेव्हा सोजरबाई दवाखान्यातून घरी आली होती. तर्जनी वाकवणारी नस तुटली होती. डॉक्टरांनी टाके घातले होते, पण बोट आता मिटणार नाही असंही सांगितलं होतं. पांढऱ्या पट्टीबाहेर तिची उरलेली बोटं दिसत होती, नखांच्या कडांना वर्षानुवर्षांचा काळा चीक. या हाताचं पाणी नामदेव कधी प्यायला नव्हता. बहिणीच्या घरी आला की बाहेरूनच बाटली घेऊन यायचा. आजही आणली होती. ती त्याने खाटेखाली सरकवली आणि तिने ठेवलेला तांब्या उचलून तोंडाला लावला. सोजरबाईने ते पाहिलं.

"त्या विशालचं तोंड बघणार नाही मी," तो म्हणाला. "त्याच्यापायी झालं हे सगळं. त्यानं तो धंदा केला नसता तर..."

"विशालनं इकले ते त्याचं त्यानं पाहावं," सोजरबाई शांतपणे म्हणाली. "आमच्या कड्या तू कापल्या, दादा. तुले घान वाटली म्हनून."

नामदेवने मान खाली घातली. लोकांचे पेले उजेडात धरून तपासणारा तो माणूस. आज त्याला स्वतःचीच शिसारी आली, आणि ती कुठे धुऊन टाकावी ते कळेना. बाहेर पिकअप आली. बाया उतरून अंगणात आल्या, दाराशी येऊन थांबल्या. मालूबाई सगळ्यांच्या मागे उभी होती. कुणाच्याच हातातल्या चाकूला कडी नव्हती.

"यांच्या कड्या आजच लावून दे," सोजरबाई म्हणाली. मग तिने डावा हात त्याच्यापुढे धरला, बोटं पसरून.

"नी मले या हाताचा एक बनव. धार उलट्या अंगानं लावजो, नहीतर फणी तासली जाते. कडी जरा ढिली ठेवजो, दादा. या हाताले काम नवं हाय, सुजेल तो."