तेलानंतरचे टोमॅटो

तेल संपल्यावरही देश जगावा म्हणून या आखाती देशाच्या सरकारनं वाळवंटात पॉलीहाऊस उभारलंय. मी तिथला भाजीपाल्याचा सल्लागार. आज भर दुपारी वीज गेली, पंखे थांबले आणि बघता बघता टोमॅटोच्या रोपांनी माना टाकल्या. योजनेचे प्रमुख सालेमसाहेब हातातल्या फाइलनं एका रोपाला वारा घालू लागले, तापानं फणफणलेल्या लेकराला घालावा तसा. अख्ख्या देशाचं भवितव्य एवढ्याशा पानांवर!

जनरेटर धडधडला. पंखे फिरले. डिझेलचा वास आत शिरला.

"आता थांबा, साहेब," मी म्हणालो.

"सवय असू दे," ते पुटपुटले. "डिझेल संपल्यावर हातच उरणार आहेत."

फाइल हलतच राहिली. मीही माझ्या वहीनं दुसऱ्या रोपाला वारा घालू लागलो.