उंबराला लागलेले पाणी

आधी क्षमा मागतो. लिहिण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांच्यात मी बसत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. वडील अजून अंगठाच उठवतात. मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, पण तेवढ्याने कोणी लेखक होत नाही. तरी लिहितो आहे, कारण ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही — आईजवळ नाही, मित्राजवळ नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच कदाचित तुमच्याजवळ बोलता येईल.

पहाटेपासून सुरुवात करतो. माझा सगळा आनंद त्या वेळी पहाटेत होता.

आमचे घर बदलापूरला, बेलवलीच्या खालच्या अंगाला, उल्हास नदीच्या बाजूचे शेवटचे. दिवसा त्या घरात पुस्तक उघडण्याची सोय नव्हती. म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठे आणि ओट्यावर चिमणी लावून बसे. आत सगळे झोपलेले, चुलीत राखेखाली विस्तव, आणि समोर हळूहळू उजळत जाणारी खाचरे. जे दिसेल ते मी लिही. बांधावर एका पायावर उभा असलेला बगळा, भाताच्या पात्यांवरून उठणारी वाफ, खंड्याचे पाण्यावर तुटून पडणे — नेमका शब्द सापडला की अंगावर काटा येई. आमच्या मराठीच्या प्राध्यापकांनी माझा एक निबंध वर्गात वाचला आणि मुंबईच्या मुलांना विचारले, "तुमच्यापैकी किती जणांनी पहाट पाहिली आहे? याने पाहिली आहे." ते वाक्य मी कित्येक दिवस अंगावर पांघरून फिरत होतो.

आता नदीचे. आमच्या वाडीत पावसाळ्यात एक रीत आहे. जो पहिला उठेल त्याने नदीकडे पाहायचे. काठावर एक उंबर आहे, पाणी त्याच्या मुळांना लागले की हाक द्यायची — "पानी उंबराला लागलं हो!" एकाने दिली की घराघरातून ती पुढे जाते. कोणाला नेमलेले नसते. पण मी रोज पहिला उठतो हे कळल्यावर माणसे निर्धास्त झोपू लागली. शेजारचे धर्माकाका म्हणत, "आमच्या वाडीचा कोंबडा कॉलेजात जातो बरं का!" सगळे हसत. मीही हसे. मला ते आवडत असे.

उल्हासनगरला निर्वासितांचा कॅम्प वसल्यापासून दुधाला गिऱ्हाईक कमी नव्हते, म्हणून काकांनी म्हशी घेतल्या होत्या. श्रावणात वरची सगळी जमीन भाताखाली. तेव्हा त्या खाली काठाजवळ, कुडाच्या गोठ्यात असत. त्या वर्षी एक म्हैस व्यायला आली होती. काकांचा मुलगा अंबरनाथच्या कारखान्यात रात्रपाळीला जाई, म्हणून गोठ्यात झोपायला जाई ती त्याची बायको, शेवंतावहिनी. जांभूळ गावची मुलगी, लग्नाला वर्षही झाले नव्हते. पहाटे कधी वर आली तर मला टोमणा मारून जाई — "भावजी, काय लिव्हता एवढं? बगळं पुरं झालं, आता आमची म्हस घाला त्यात."

मी पुन्हा फिरून पहाटेकडेच येतो आहे ना? मला कळते आहे. सांगतो.

त्या पहाटे पाऊस नव्हता. रात्रीपासून उघडीप होती, आकाशात चांदणीही दिसत होती. पाऊस पडला होता तो वर, घाटात. मी ओट्यावर आलो आणि रीतीप्रमाणे नदीकडे पाहिले. धुके होते — पण दाट नव्हते. उंबर दिसत होता. मुळे दिसत नव्हती.

मुळे दिसत नव्हती. मला नीट कळले होते. हे मी ही दोन वर्षे स्वतःलाही नीट सांगितलेले नाही. पुढे मी मनाशी धुक्याचे नाव घेत आलो. पण धुक्याने काही लपवलेले नव्हते.

मग मी काय केले? नदी इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. ती खळाळत नव्हती, नुसती रुंद होत होती. पाण्याला पहाटेचा दुधी रंग आला होता आणि त्यावरून एक अख्खी केळ, पानांसकट, उभीच्या उभी निघाली होती. माझ्या मनात एक वाक्य आले. वाटले, एवढे लिहून घेऊ, मग हाक देऊ. हाक दिली की गलका होणार, माणसे धावणार, आणि ते वाक्य जाणार. मी चिमणी जवळ ओढली. एका वाक्यातून दुसरे आले, दुसऱ्यातून तिसरे. मला सुख झाले — हा शब्द लिहिताना हात अडखळतो, पण दुसरा शब्द नाही. किती वेळ गेला? मी मान वर केली तेव्हा उंबराचे खोड अर्धे बुडाले होते आणि काठावरचे कुंपण कुठेच नव्हते.

मग हाक दिली. किंचाळलोच. सगळी वाडी धावली.

वहिनी छातीभर पाण्यात होती. म्हशींची दावी सोडत होती. ओल्या गाठी सुटत नव्हत्या. काकांनी तिला ओढून वर आणले. म्हशी गेल्या. व्यायला आलेली म्हैस शेवटपर्यंत तोंड वर काढून ओरडत होती.

ओट्यासमोर माणसे जमली. काकांनी मला विचारले, "तू हाक कवा दिली?" रागाने नाही, नुसते विचारले. त्याच वेळी खरे बोललो असतो तर? माणसांनी शिव्या घातल्या असत्या, वडिलांनी कदाचित कॉलेज सोडवले असते. एवढेच. मी म्हणालो, "दोनदा दिली, काका. पयली दिली तवा पानी नुसतं मुळांना लागलं व्हतं."

"नाय हो," वहिनी थरथरत म्हणाली. "हाक नाय आली. मी जागी व्हते, म्हशीला कळा व्हत्या."

"आमच्या घरात पन नाय आयकू आली," कोणीतरी म्हणाले.

"तुमी घोरत व्हता," दुसरा म्हणाला. आणि वहिनीची सासू, धर्माकाकांची बायको, तिच्या अंगावर धावली — "झोपलीस मेल्यासारखी, नि शिकल्या पोराला खोटा पाडतेस? तो कशाला खोटं बोलंल?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. वहिनीनेही पाहिले. मी खाली पाहत राहिलो.

त्याच आठवड्यात तिला जांभूळला पोचवली. पोचवली म्हणजे काय ते तुम्हाला कळते. नवरा पुढे आणायला गेला नाही. ती जाताना आमच्या दारावरून गेली. मी आत, दाराआड उभा होतो. त्यानंतर दोन वर्षे रोज पहाटे मी ठरवी, आज काकांकडे जाऊन सांगायचे. रोज उजाडे.

आणि तो लेख? तो मी पूर्ण केला. कॉलेजच्या अंकात छापून आला, त्याची वाहवा झाली. त्यात दुधी पाणी आहे, केळ आहे, धुके आहे. म्हैस नाही.

मागच्या महिन्यात आई काकड्या घेऊन उल्हासनगरच्या बाजारात गेली होती. तिथे तिला शेवंतावहिनी भेटली. भावाच्या आश्रयाला कॅम्पात राहते, एका सिंधी बाईकडे पापड लाटते. तिने माझी चौकशी केली, परीक्षा कधी आहे विचारले. मग आपणहून आईला म्हणाली, "काकी, भावजींनी हाक दिली व्हती. माझाच डोळा लागला असंल. मी तवा उगाच नाय म्हनत बसले."

"शेवटी कबूल केलंन बाईने," आई मला भाकरी वाढताना म्हणाली.

वहिनीची भावजयही तिथे होती. तिच्याकडून आईला आणखी एक कळले. वहिनी आता रात्री आडवी होत नाही. भिंतीला टेकून बसते, उजाडेपर्यंत — कोणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून.